फ्रीव्हीलची डगडग काढायला गेलो आणि एक वायसर उरला

कृष्णाकाठचा | रविवार, रात्री ९:२०

मंडळी, सायकलीत हात काळे करणारं कुणी आहे का इथे? अर्ध्यात अडकलोय.

सायकल वडिलांची. काळी, बावीस इंची अॅटलास. कॅरिअर इतका भक्कम की दळणाचा डबा आणि मी असे दोघे त्यावर बसून गिरणीत जायचो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पाणी चढलं तेव्हा ती खालच्या खोलीत राहून गेली. पूर ओसरल्यावर नळीने धुतली, चेनवर तेल ओतलं आणि जिन्याखाली उभी केली ती केलीच. आता भाच्याला कॉलेजला जायला हवी म्हणून बाहेर काढली. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर सगळं नवीन घातलं. पण मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं ते दातेरी चक्र, ज्यामुळे पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं) डगडगतं, आणि उभं राहून जोर लावला की मधेच पायडल रिकामं जातं. परवा भाचा दांडीवर आपटला. कुठे लागलं ते त्याने आईला सांगितलं नाही, मला सांगितलं.

म्हणून काल दुपारी मागचं चाक काढून अंगणात बसलो. फ्रीव्हीलच्या तोंडावर चकती असते, तिला दोन बारीक भोकं असतात. त्यातल्या एकात जाड खिळा टेकवून हातोडी मारत राहिलो. पाऊण तास! जागची हलेना. शेजारचे काका मघापासून कुंपणावरून बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे उलटे आटे असतात त्याला, तू आवळतोयस." उलट्या बाजूने चार ठोके दिले आणि सुटली.

चकती उचलली, दातांचं कडं उचललं, आणि छर्रे अंगणभर. फरशी धुतलेली होती म्हणून बरं, चमकत तरी होते. आत कृष्णेचा गाळ, वाळून चॉकलेटी पावडर झालेला. कुत्री, म्हणजे कड्याच्या आतल्या दातांत अडकून चाक ओढणारे खटके, दोन. एक बोटाने दाबून सोडलं की टुणकन उभं राहत होतं, दुसरं गाळात लोळल्यासारखं आडवं. सगळं डिझेलमध्ये धुतलं. चकतीखाली दोन पातळ वायसर निघाले. कुठेतरी वाचलं होतं की डगडग असेल तर एक वायसर कमी करायचा, म्हणून एक काढून ठेवला आणि सगळं परत बसवलं.

आता डगडग शून्य. पण स्टँडवर चाक फिरवलं की पायडल पण चाकाबरोबर गरगर फिरतं. रस्त्यावर पाय थांबवले की चेन वरच्या बाजूला झोळीसारखी लोंबते आणि चेनकव्हरवर खडखड वाजते. वर एक छर्रा कमी भरलाय, तो सापडलाच नाही. आणि आडवं पडणारं कुत्रं धुऊनही आळशीच आहे.

काय चुकलं? फोटो टाकायचे होते, पण सगळ्या फोटोंत माझा काळा अंगठाच आलाय.

भावा_थांब | रविवार, रात्री ९:४१

काय राव! नवं फ्रीव्हील दीड-दोनशेला मिळतंय. त्यापेक्षा जास्त पैशाचा तुझा रविवार गेला. बदल आणि झोप.

उलटे आटे | रविवार, रात्री १०:३५

कृष्णाकाठचा, तुमचं ९० टक्के काम बरोबर झालंय. घाबरू नका.

आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्यानेही द्यायचे. भाड्याची सायकल म्हणजे बेवारस बैल, जो तो दामटणार. त्यामुळे फ्रीव्हीलं खोलण्यात माझं बालपण गेलं. एकेक सांगतो.

पहिलं वायसरचं. चकती त्या वायसरांवर घट्ट बसते. वायसर काढला की ती आणखी खाली जाते आणि छऱ्यांवर दाबते. म्हणून डगडग गेली, पण कडं जाम झालं. चाक पुढे फिरताना ते कड्याला बरोबर ओढतं, कडं चेनला वरून पुढे ढकलतं, तिकडे पाय तर थांबलेले, मग चेन वर लोंबणार नाहीतर काय करणार? स्टँडवर पायडल किंचित फिरणं चालतं, वर भार नसतो. पण बोट लावल्यावर थांबायला हवं. तुमचं गरगर फिरतंय म्हणजे जास्त आवळलंय.

तुमच्या दोन वायसरांत एक जाड आणि एक कागदासारखा असणार. बहुतेक तुम्ही जाड काढलात. नखात धरून बघा, फरक कळतो. जाड परत घाला, पातळ बाहेर ठेवा. चकती अर्धवट आवळून "अॅडजस्ट" करायला जाऊ नका, हा मोह सगळ्यांना होतो. ती वायसरवर पूर्ण टेकून कचकचीत आवळलेलीच हवी, खेळ जो ठेवायचा तो वायसरने. आणि किंचित डगडग राहू द्या. आमचे वडील म्हणायचे, फ्रीव्हील नवरीसारखं लाजत हललं पाहिजे. (आता हे वाक्य घरात म्हणायची सोय राहिलेली नाही.)

दुसरं, डगडग कसली ते आधी बघायला हवं होतं. सायकल स्टँडवर घेऊन हाताने पायडल मारायचं आणि फ्रीव्हीलकडे मागून बघायचं. मग पायडल धरून नुसतं चाक फिरू द्यायचं. पायडल थांबल्यावरच कडं हलत असेल तर छऱ्यांतला खेळ, तो वायसरने जातो. पण पायडल मारताना सुद्धा लटपटत असेल तर अॅक्सल वाकलाय किंवा हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) फ्रीव्हील तिरकं चढलंय. तिथे कितीही वायसर काढलेत तरी उपयोग नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं, ते आळशी कुत्रं. भाचा पडला तो त्याच्यामुळे, डगडगीमुळे नव्हे. गाळ धुऊनही उठत नसेल तर खालची स्प्रिंग बघा. केसाएवढी तार असते. गंजून मोडली असणार. एका कुत्र्यावर सायकल चालते, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. ज्या दिवशी ते एक चुकतं त्या दिवशी माणूस दांडीवर. हे दुरुस्त केल्याशिवाय पोराच्या हातात सायकल देऊ नका. ही विनंती नाही, दम आहे.

कृष्णाकाठचा | रविवार, रात्री १०:५२

दम पोचला. जाडच काढला होता हो! आत्ता नखात धरून बघितला.

छऱ्याचं काय? एक कमी चालेल?

उलटे आटे | रविवार, रात्री ११:०५

एक कमी चालतोच. वाटीत छर्रे कोंबून भरायचे नसतात, साधारण एका छऱ्याची जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर ते एकमेकांवर घासतात. पण तुमचे पाण्यात राहिलेले आहेत. उन्हात धरून बघा, चकाकी जाऊन करडे पडले असतील तर सगळेच बदला. दुकानात "एक सुताचे छर्रे" मागा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार नवे आणि बाकी जुने असं करू नका, सगळा भार त्या चारांवर येतो.

छर्रे बदलायच्या आधी वाटी बघा. ज्या खाचेतून छर्रे फिरतात तिथे नख फिरवायचं. खड्डे लागले तर विषय संपला. एका जागी जाम, दुसऱ्या जागी ढिलं असंच फिरणार, तिथे भावा_थांब यांचं ऐकायचं.

वर्षा_कोथरूड | सोमवार, सकाळी ७:१८

माझा अनुभव लिहून ठेवते, कुणाचे तरी गुडघे वाचतील. मी एकदा फ्रीव्हीलची टकटक नको म्हणून आत चांगलं बोटभर ग्रीस भरलं होतं. आहाहा, काय शांतता! दोन दिवस फार मिरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे कात्रजच्या चढावर पायडल एकदम हवेत. पुढे मारा, मागे मारा, काही पकडतच नाही. थंडीत ग्रीस घट्ट झालं होतं आणि कुत्री त्यात चिकटून बसली होती. सायकल ढकलत परत आले. तेव्हापासून टकटक ऐकू आली की मला बरं वाटतं.

एक प्रश्न. आता माझ्याकडे सात गिअरची आहे, मागे दातांच्या सात चकत्या. तिचंही असंच खोलायचं का?

उलटे आटे | सोमवार, सकाळी ८:०२

वर्षाताई, सोळा आणे खरं. ग्रीस फक्त छर्रे जागेवर चिकटून राहण्यापुरतं, वाटीत बोटाच्या टोकाने पुसल्यासारखं. कुत्र्यांना तेल. तेही शिलाई मशीनचं घातलंत तर पावसात लगेच वाहून जातं. गाडीच्या इंजिन ऑइलचे दोन थेंब बरे.

सात गिअरचं मला विचारू नका, आमच्या दुकानात गिअर म्हणजे उतार.

दोनचाकी | सोमवार, सकाळी ९:३०

त्याचं मी सांगतो. साध्या गिअरच्या सायकलींवर सात चकत्यांचं सुद्धा फ्रीव्हीलच असतं, तत्त्व तेच: कुत्री, छर्रे, वायसर. पण वरच्या चकत्या काढाव्या लागतात आणि मेहनत फुकट जाते. ते न खोलता चाक आडवं ठेवून फटीतून डिझेल सोडायचं, फिरवत राहायचं, खालून स्वच्छ येईपर्यंत. मग रात्रभर निथळू द्यायचं आणि तेल. महागड्या सायकलींवर कॅसेट असते. तिथे कुत्री चकत्यांत नसून हबमध्ये असतात, चकत्या नुसत्या खाचांत सरकवलेल्या. शिमानोने १९७८ च्या सुमारास ही पद्धत रुळवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्या कंपनीचा जन्मच फ्रीव्हीलवर झालाय. १९२१ साली जपानात साकाईला कारखाना निघाला तो साधं एका चकतीचं फ्रीव्हील करायला.

आता मूळ धाग्याकडे. सगळे आतलं बघताय, दात कुणी बघितले का? पायडल रिकामं जाणं दोन प्रकारचं असतं. कुत्रं चुकलं तर चेन आणि दात दोन्ही एकत्र पुढे जातात, चाक मात्र तिथेच. दात झिजले असतील तर चेन दातावर चढून कट्‌कन पुढच्या दातात पडते. ब्रेक दाबून धरा, पायडलवर हळूहळू वजन टाका आणि दुसऱ्याला मागे बसवून बघायला सांगा. झिजलेला दात ओळखायला सोपा, एका बाजूला कलतो, मांजराच्या नखासारखा.

आणि चेन मोजा. साधी पट्टी पुरते. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं. चेनचं एक घर म्हणजे अर्धा इंच, म्हणजे चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. अर्धं सूत पुढे गेली तर चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर दोन्ही गेलं समजा. जुन्या दातांवर नवी चेन घातली की ती उड्या मारते, आणि लोक म्हणतात नवी चेन डुप्लिकेट निघाली.

भावा_थांब | सोमवार, सकाळी ९:४४

म्हणजे फिरून फिरून बदलावरच आलात की.

दोनचाकी | सोमवार, सकाळी ९:५८

भावा, बदलणं तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये. फ्रीव्हील हबवर सरळ आट्यांनी चढतं आणि प्रत्येक पायडलने आवळत जातं. तीस वर्षं आवळलेलं फ्रीव्हील काढून बघ. आतल्या तोंडाला दोन खाचा असतात, त्यात बसणारा पाना घ्यायचा, वरून अॅक्सलचा नट हलका लावून पाना जागेवर धरायचा, पाना व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळायचा आणि आख्खं चाक स्टेअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. एकदा सुटला की नट लगेच ढिला करायचा, नाहीतर पाना तिथेच अडकतो. छिन्नीने खाच फोडणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. खाच फुटली की पाना कशात घालणार?

उलटे आटे | सोमवार, सकाळी १०:२०

खाच फुटल्यावरची युक्ती पण सांगून टाकतो. जुनं फेकायचंच असेल तर वरची चकती, कडं, छर्रे सगळं काढून टाका. मधला गाभा हबवर उरतो, तो सरळ व्हाइसमध्ये आवळा आणि चाक फिरवा. सुटतोच. नवं चढवताना आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे हातानेच. अडकलं तर मागे घ्या. अॅल्युमिनियमच्या हबचे आटे एकदा तिरके कापले गेले की हबच गेला.

पण कृष्णाकाठच्या सायकलीला माझं मत दुरुस्तीचंच. वाटी आणि दात शाबूत असतील तर जुन्या मालाला तोड नाही. हे मत आहे, पुरावा मागू नका.

सातारा_ते_उत्रेख्त | सोमवार, दुपारी २:११

वाचून मजा आली. इथे नेदरलँड्समध्ये बऱ्याच साध्या सायकलींना मागे पायडल मारलं की ब्रेक लागतो, हँडलवर मागचा ब्रेकच नसतो. जर्मनीतल्या झाक्स कंपनीने १९०३ साली टॉर्पेडो नावाचा असा हब काढला, त्याचीच ही वंशावळ. सहा वर्षांत पायाला तीच सवय लागली. मागच्या मे महिन्यात गावी भावाची सायकल घेतली, उतारावर ब्रेक म्हणून सवयीने पायडल मागे मारलं. फ्रीव्हील छान टकटकलं. थांबलो ते पाटलांच्या उकिरड्यात.

वर्षा_कोथरूड | सोमवार, दुपारी २:३०

😂 म्हणजे ते फ्रीव्हील तरी चांगल्या स्थितीत होतं.

कृष्णाकाठचा | बुधवार, रात्री १०:१५

अहवाल.

उलटे आटे यांचं निदान खरं निघालं. आळशी कुत्र्याखालची स्प्रिंग मोडलेलीच होती. अर्धी तार खाचेत, अर्धी बहुधा डिझेलबरोबर ओतून दिली. गावातल्या तीन दुकानांत सुटी स्प्रिंग मागितली. दोघांनी माझ्याकडे दयेने बघितलं. तिसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्या मिस्त्रींनी पायाने एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला, आत मोडकी फ्रीव्हीलं. म्हणाले, शोध. तासभर बसलो. माझ्यासारखंच कुत्रं असलेलं एक मिळालं, त्याची स्प्रिंग काढली. वीस रुपये दिले तर दहा परत केले. एक सुताचे छर्रे तिथेच मिळाले, पुडीत मोजून नाही, चिमटीने उचलून.

वाटीला नख फिरवलं, गुळगुळीत आहे. कड्याच्या आतले दात बॅटरी मारून बघितले, कडा अजून धारदार आहेत. चेन मात्र बारा इंचाला सूतभर पुढे. पण बाहेरचे दात मांजराच्या नखासारखे वाटत नाहीत. दोनचाकी, हे कसं?

बसवताना मात्र रडकुंडीला आलो. चाक ह्या वेळी ताटात आडवं ठेवलं होतं. गाभा हबवरच. खालच्या वाटीत ग्रीसचं बोट, त्यावर छर्रे, इथवर ठीक. पण कडं खाली सोडायला गेलं की दोन्ही कुत्री बाहेर तोंड काढून अडवतात. एक दाबलं की दुसरं उठतं. तिसरा हात हवा. कडं वाकडं होऊन दोनदा छर्रे सांडले. निदान ताटात सांडले.

शेवटी आईने युक्ती काढली. तिने शिवणाचा दोरा घेतला, दोन्ही कुत्री दाबून त्यांच्याभोवती दोन वेढे घातले आणि टोक वर धरून ठेवलं. मी कडं सावकाश खाली सोडलं. कडं कुत्र्यांवर बसल्यावर तिने दोरा ओढून घेतला. टक्‌. दोन्ही एकदम उठली. मग वरचे छर्रे, जाड वायसर, चकती. ह्या वेळी पहिल्या ठोक्यालाच योग्य बाजूने आवळली.

आवाज बदललाय. आधी एकच बारीक टिक्‌टिक्‌ होती, आता भरदार टकटक आहे. डगडग केसभर उरलीय. पायडल बोटाने थांबतं.

उलटे आटे | बुधवार, रात्री १०:४०

आईंना नमस्कार सांगा. दोऱ्याची ही युक्ती मला सोळाव्या वर्षी कळली, तोवर दाभणाने एकेक कुत्रं ढकलायचो आणि वडिलांच्या शिव्या खायचो.

आता लगेच भाच्याला देऊ नका. आधी तुम्ही आठवडाभर चालवा. पहिले दोन दिवस बसूनच, उभं राहून जोर नाही. मग चढावर तपासा. चकती पुन्हा एकदा ठोकून बघा, पहिल्या काही किलोमीटरमध्ये ग्रीस दबून ती किंचित ढिली होऊ शकते.

दोनचाकी | गुरुवार, सकाळी ८:०५

चेन सूतभर गेली आणि दात बरे, असं होऊ शकतं. मधे कधीतरी फ्रीव्हील बदललं असेल आणि चेन तीच ठेवली असेल. वडिलांना विचारा. नवी चेन घाला आणि ब्रेक दाबून वजन टाकायची ती परीक्षा पुन्हा करा. उडी मारली तर दात गेलेत, डोळ्यांना दिसत नसले तरी. नाही मारली तर नशीब.

कृष्णाकाठचा | शनिवार, संध्याकाळी ६:५०

वडील नाहीत विचारायला. पण आई म्हणाली की आयर्विन पुलावर एकदा पायडल रिकामं जाऊन ते पडले होते, त्यानंतर मागचं काहीतरी नवीन घातलं होतं. म्हणजे दोनचाकींचा अंदाज बरोबर.

नवी चेन घातली. आज त्याच पुलावरून जाऊन आलो, येताना चढावर मुद्दाम उभा राहिलो. एकही उडी नाही.

तो हरवलेला छर्रा तुळशीच्या कुंडीखाली सापडला. आईने तो आणि उरलेला पातळ वायसर शिलाई मशीनच्या डबीत, बॉबिनशेजारी ठेवलाय.

भावा_थांब | शनिवार, संध्याकाळी ७:०२

बरं, माझ्या सायकलीचं पण जरा डगडगतंय. तो मिस्त्री कुठल्या गल्लीत?